सुखरूप असाल तर खाली नाव लिहा

मोताळा तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी एकदा तरी माझा निळा कोट घातलेला आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकही नाही, कारण कोट चढवला तेव्हा ते हयात नव्हते.

हा कोट कापडाचा नाही, माझ्या कॉम्प्युटरमधला आहे. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतल्या एका पाहुण्याच्या अंगावरून मी तो उतरवून घेतला होता. मान कापून फेकली आणि कोट ठेवला. त्याच्या खिशाला एक गुलाब होता, तोही तसाच राहिला. गिऱ्हाईक बनियनवरचा नाहीतर रानात फवारणी करतानाचा फोटो घेऊन येतं आणि म्हणतं, "पेंटर, जरा बरा दिसन असा बनव." मग कोट चढवायचा. एकदा एकाच चौकात शेजारी शेजारी दोन बॅनर लागले, एक वाढदिवसाचा आणि एक श्रद्धांजलीचा. दोघांच्याही खिशाला तोच गुलाब होता. आठवडी बाजाराचा दिवस होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र दुकानाच्या दारातून पाहत होतो आणि हसू आवरत नव्हतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या अशाच गमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला आवडतं. मी हो म्हणालो, पण मनात दुसरंच होतं. एक गोष्ट मला कुठंतरी सांगायचीच होती आणि तोंडाने सांगायची हिंमत आजवर झाली नाही. गमती सांगतो, कारण मला त्या सांगता येतात. पण त्या संपल्यावर अंक मिटू नका.

मी मूळचा ब्रशवाला. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, भिंतीवरच्या जाहिराती असं सगळं हाताने रंगवायचो. दुकानाचं नाव तेव्हापासून 'रंगलेखा'. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. त्यानंतर फोन आला आणि फ्लेक्सही मागे पडायला लागला. तरी लोक मला पेंटरच म्हणत राहिले. गेल्या वर्षी नजर अधू झाली म्हणून दुकान भाच्याच्या हाती दिलं आणि घरी बसलो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आमचा धंदा वाढदिवसांवर चालतो. तो चालतो मयतावर. पूर्वी कुणी गेलं की सोयऱ्याधायऱ्यांकडे माणूस धाडायचे. कुणी सायकलवर जायचा, कुणी नांदुऱ्याहून गाडी पकडून जायचा. आता कार्ड जातं. कार्ड म्हणजे फोनवर पाठवायचं चित्र. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध फोटो, खाली नाव, अंत्ययात्रेची वेळ आणि शोकाकुल मंडळी. साचा तयारच असतो. फोटो, नाव आणि वेळ बदलली की झालं. मी बारा मिनिटांत करून द्यायचो आणि त्याचा मला अभिमान होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डिझाईन : रंगलेखा' लिहायला मी कधी विसरलो नाही.

हळूहळू असं झालं, की तोंडी खबरेवर कुणी विश्वासच ठेवेना. "अमका गेला म्हणते" असं कुणी म्हणालं, की समोरचा विचारायचा, "कार्ड आलं काय?" कार्ड आलं नसेल तर लोक अंघोळीलाही थांबायचे.

पिंप्रीची चंद्रभागा आजी एकदा काठी टेकत दुकानात आली. म्हणाली, "पेंटर, माहं कार्ड बनवून ठेव."

"कशाचं, आजी?"

"मेल्याचं. पोट्टे मंग कोनता बी फोटो देतीन. आधार कार्डावरचा देतीन, त्याच्यात मी चोट्टीवानी दिसतो. हा घे, हा चांगला हाये. आन् खाली नांदुऱ्याच्या पुतन्याचं नाव टाकू नको. जित्तेपनी एक डाव पान्याले नाई इचारलं त्यानं, मंग शोकाकुल कायचा होते?"

मी कार्ड करून ठेवलं. त्यानंतर आजी चांगली सात वर्षं जगली. बाजाराला आली की दारातून विचारायची, "हाये ना बे ठेवेल?" मी म्हणायचो, "हाये आजी, तुम्ही घाई नका करू." ती गेली तेव्हा तेच कार्ड काढलं. पोरांनी पुतण्याच्या नावासाठी बराच धोशा लावला, पण मी काही ते टाकलं नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मी पाळला. जिवंत माणसाचं काय केलं ते पुढे येतंच आहे.

शोकाकुलांवरून नाना आठवतात. नाना म्हणजे आमच्याकडचे पुढारी. निवडणूक कुठलीही असो, बॅनरवर ते 'भावी'च राहिले. त्यांच्या फोटोशिवाय आमच्या भागात कुणाला मरायची सोय नव्हती. कार्डावर मेलेला माणूस सुपारीएवढा आणि शोकाकुल नाना नारळाएवढे, हे प्रमाण ठरलेलं होतं. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "नाना, पाहनाऱ्याले कळत नाई, गेलं कोन ते." नाना हसले, पण फोटो लहान करू दिला नाही.

आता फेसबुकवरच्या आमच्या पेजचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. पेजचं नावही 'रंगलेखा'च. मी केलेलं प्रत्येक कार्ड त्यावर टाकायचो. तालुक्यातलं कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची म्हैस हरवली, हे सुरतेत आणि पुण्यात कामाला गेलेल्या पोरांना तिथूनच कळायचं.

एका पावसाळ्यात नदी गावांत शिरली. तारा तुटल्या, बहुतेकांचे फोन बंद पडले. बाहेरगावी असलेल्या पोरांचे जीव टांगणीला लागले. माझं दुकान उंचावर आहे आणि बॅटरीवर माझा फोन चालत होता. मी पेजवर एक ओळ टाकली : 'सुखरूप असाल तर खाली नाव लिहा.' ज्याच्या फोनमध्ये थोडीफार धुगधुगी होती त्याने आपलं, शेजाऱ्याचं, अख्ख्या आळीचं नाव लिहिलं. कुणी लिहिलं, 'सहा माणसं, दोन बैल, सगळे सुखरूप.' एका बाईने लिहिलं, 'आम्ही बरे आहोत, फक्त गहू भिजला.' आमच्या जवळच्याच गावच्या भास्करने लिहिलं, 'आई-बाबा, बायको, सगळे शाळेच्या माडीवर. सुखरूप.' फौजेतल्या एका पोराचा मला दूरवरून फोन आला. "काका, आईचं नाव दिसलं," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. आयुष्यभर इतरांची नावं रंगवली, पण त्या दिवसाइतका नावाचा उपयोग मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून लोकांना सवयच लागली. कुठे अपघात झाला, कुठे आग लागली, की आपलं माणूस पेजवर येऊन लिहायचं, मी ठीक आहे, घरी सांगा. मी सांगायचो. गाडी काढून सांगायला जायचो.

पण जिथे माणसं येतात तिथे चावट माणसंही येतात. एका शिक्षकांच्या श्रद्धांजलीखाली कुणीतरी भलत्याच नावाच्या खात्यावरून लिहिलं, 'मी जिवंत आहे, चहा ठेवा.' त्यांच्या मुलीने पुण्यात ते वाचलं आणि वेड्यासारखी घरी फोन करत सुटली. दुसऱ्या दिवशी घरचे लोक दुकानात आले आणि मला खाली मान घालून ऐकावं लागलं. त्यानंतर मी नियम केला. श्रद्धांजलीखाली अनोळखी खात्यावरून काही वेडंवाकडं दिसलं, की आधी पुसायचं, मग त्या खात्याला ब्लॉक करायचं. नियम वाईट नव्हता. तो कुणासाठी केला होता हे मी विसरलो, हे वाईट झालं.

भास्कर पोकलेन चालवायचा. आमच्याकडची पुष्कळ पोरं मशीनवर ऑपरेटर म्हणून देशभर जातात. तो हिमालयाकडे एका रस्त्याच्या कामावर होता. घरी बायको निर्मला आणि म्हातारा बाप तुळशीराम. आई तोवर वारली होती. जायच्या आधी त्याच्या वाढदिवसाचा बॅनर मीच केला होता. मित्रांनी फोटो आणला तो मळक्या शर्टावरचा. भास्कर नंतर एकटाच मागून आला आणि हळूच म्हणाला, "पेंटरभाऊ, एखादा कोट लावा ना. पन कोनाले सांगू नका, नाई तं पोट्टे हसतीन." मी निळा कोट लावला. पोरांना वाटलं, साइटवर जायच्या आनंदात भास्करने खरंच कोट शिवला. आम्ही दोघं सोडून ते गुपित कुणाला माहीत नव्हतं.

एके दिवशी सकाळी टीव्हीवर बातमी आली, की तिकडे डोंगर खचला आणि रस्त्याच्या कामावरची माणसं त्यात सापडली. भास्करचा फोन बंद होता. साइटवरच्या कुणीतरी तुळशीरामदादांना फोन करून सांगितलं, की भास्करचं नाव यादीत आहे. साडेअकराच्या सुमारास नाना दुकानात आले आणि त्यांनी फोनवरची यादी माझ्यासमोर धरली.

"पेंटर, कार्ड बनव. लवकर."

मी यादी वाचली. भास्करच्या नावापुढे 'लापता' लिहिलेलं होतं.

"नाना, इथी लापता लिहलं हाये. गेला असं नाई लिहलं."

"अरे, पहाड आला ना बे अंगावर! लापता म्हंजे आता काय राह्यलं? आन् तो दुसऱ्या गटाचा मानूस कार्ड बनवाले निंघाला बी असन. त्याचं आधी आलं तं माही काय इज्जत राह्यते?"

मी थांबायला हवं होतं. तुळशीरामदादांना एक फोन करायला हवा होता. पण नाना समोर उभे होते आणि खरं सांगायचं तर मलाही ते कार्ड दुसऱ्याच्या दुकानातून निघायला नको होतं. भास्करचा फोटो माझ्याकडे होताच. कोटही अंगावर होताच. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. त्या दिवशी बारा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कार्ड नेहमीसारखं पेजवर टाकलं आणि दुपारपर्यंत ते तालुकाभर झालं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तीनच्या सुमारास मी जेवून येऊन खुर्चीत बसलो होतो, तेव्हा एक नवी कमेंट आली. खात्यावरचं नाव नेपाळी होतं आणि फोटोच्या जागी मोटारसायकलचं चित्र. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं : 'मी भास्कर. जित्ता हाये. दुसऱ्याच्या फोनवरून लिहून राह्यलो. घरी सांगा.'

मी ते वाचलं, पुसलं आणि त्या खात्याला ब्लॉक केलं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो, की सवयीने झालं, त्या शिक्षकांच्या मुलीमुळे झालं. आज लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. बोट दाबण्याआधी माझ्या मनात आलं होतं, की नेपाळी माणूस 'लिहून राह्यलो' कसं लिहील? असं तर आमच्याकडचाच माणूस लिहितो. हे स्पष्ट मनात आलं होतं. पण ती कमेंट खरी असेल तर माझं कार्ड खोटं ठरत होतं आणि त्याच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. मी तो विचार बाजूला सारला आणि बोट दाबलं. याची लाज वाटते हे लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला त्या बोटाकडे अजून नीट पाहवत नाही.

पाचच्या सुमारास मी भास्करच्या घरी बसायला गेलो, जशी रीत आहे तसा. अंगणात पुरुष बसले होते. आतल्या खोलीत बायका होत्या आणि निर्मला भिंतीला पाठ लावून बसली होती. हातात फोन होता आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या तशाच होत्या. तिची चुलतसासू गोदामाय तिला समजावत होती आणि ती मान हलवत होती.

"मानूस पाह्यला नाई, माती पाह्यली नाई," निर्मला म्हणत होती. "कायच्या भरवशावर काढू?"

"अवो, कार्ड निंघालं पोरी," गोदामाय म्हणाली. मग तिने मला दारात पाहिलं. "हा पाय, पेंटरच आला. ह्यालेच इचार."

निर्मलाने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"पेंटरभाऊ, तुमच्या त्या कार्डाखाली कोनी काही लिहलं होतं काय? ह्याईच्याबद्दल?"

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, हो वहिनी, एकाने लिहिलं होतं, खरं-खोटं देव जाणे, पण लिहिलं होतं. एवढ्यावर ती बाई थांबली असती. बाकीच्यांनाही थांबावं लागलं असतं. पण अंगणात पन्नास माणसं होती आणि नाना खुर्चीवर बसून होते.

"नाई वयनी," मी चौकटीकडे पाहत म्हणालो. "सगळ्याईनं श्रद्धांजलीच लिहली."

"नीट पाह्यलं?"

"हाव."

मग तिने फोन जमिनीवर पालथा ठेवला आणि दोन्ही हात गोदामायपुढे केले. मी अंगणात येऊन बसलो. बाजूला कुणीतरी सोयाबीनवरच्या अळीचं सांगत होतं. आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला तेव्हा तो माणूस बोलायचा थांबला आणि मग हळू आवाजात पुढे सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पेज पाहिलं, तर कार्डाखाली दुसऱ्याच कुठल्या खात्यावरून लिहिलेलं होतं : 'पेंटरभाऊ, मी भास्कर. काल लिहलं होतं, दिसत नाई. आता छावनीत हाये, पायाले लागलं, बाकी सुखरूप. हे कार्ड काढा. तो निळा कोट माहा नाई, हे फक्त तुम्हाले आन् मले माहीत हाये.' खाली छावणीतला फोन नंबर होता.

मी तो नंबर तळहातावर पेनाने लिहिला आणि कार्ड काढून टाकलं. कार्डाबरोबर त्याखालचं सगळं गेलं. मग गाडी काढली. वाटेत मला आनंद होत होता की भीती वाटत होती, हे आजही सांगता येणार नाही.

भास्करच्या अंगणात जाऊनच मी तो नंबर लावला आणि भास्करचा आवाज ऐकल्यावर फोन निर्मलाच्या हातात दिला. तिच्या मनगटावर काच लागून कापलं होतं, त्यावर हळद भरलेली होती. ती फक्त म्हणाली, "बोला." मग, "तुम्हीच ना?" आणि मग तिला जे रडू आलं, ते ऐकून आळीतली माणसं पळत आली. त्यांना वाटलं, आता मयत आणलं. तुळशीरामदादांनी मला उराशी धरलं. "पेंटर, तुह्या पेजमुये माहं लेकरू सापडलं," म्हणाले. मी तसाच त्यांच्या मिठीत उभा राहिलो.

भास्कर लंगडत का होईना, घरी आला. गोदामायने निर्मलाच्या हातात नव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "मेल्याची खोटी खबर उठली का आयुष्य वाढते. शंभर वर्सं जगते आता." सगळे हसले. नानांनी शाळेसमोर कार्यक्रम ठेवला आणि मला बॅनर करायला सांगितला. माणूस सुखरूप असल्याचा साचा माझ्याकडे नव्हता. तीस वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. शेवटी वाढदिवसाचाच साचा घेतला आणि 'पुनर्जन्माच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलं. नाना नारळाएवढे होतेच.

त्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. मी तो घेतला. भास्कर माइकवर बोलला. म्हणाला, की फोन ढिगाऱ्यात गेला आणि नंबर तर एकही पाठ नव्हता, बायकोचासुद्धा नाही. पण प्रत्येक बॅनरच्या कोपऱ्यात वाचून वाचून 'रंगलेखा' हे नाव पाठ होतं. एका नेपाळी गड्याचा फोन पाच मिनिटं मागून घेतला, पेजवर लिहिलं आणि आता घरी कळलं म्हणून तो दिवसभर निवांत मनाने डोंगर उतरत राहिला. "पन तो पहिला मेसेज काही आलाच नाई," तो हसत म्हणाला. "नेटवर्क नसन. काय पेंटरभाऊ?"

खांद्यावरची शाल सारखी करत मी म्हणालो, "हाव, नेटवर्कच नसन."

निर्मला बायकांमध्ये बसली होती. ती हसली नाही.

गोष्ट तिथे संपली असती तर मी कदाचित विसरलोही असतो. संक्रांतीला माझी बायको हळदीकुंकवाहून आली आणि सांगायला लागली, की अमुक घरी निर्मलाला बोलावलं नव्हतं. एकदा पुसलेलं कुंकू, कशाला उगाच, असं कुणीतरी म्हणालं होतं. नवरा जिवंत, घरात फिरतोय, आणि तरी! बायको त्या लोकांना नावं ठेवत होती. मी ताटावर बसलो होतो. अर्ध्या भाकरीवर उठलो. तिने विचारलं काय झालं, तर पोट दुखतं म्हणालो.

तुळशीरामदादा गेले ते त्यानंतर दोन वर्षांनी, माझ्या दुकानाच्या शेवटच्या दिवसांत. भास्कर दूर साइटवर होता, निघाला होता. कार्डासाठी निर्मला स्वतःच आली. दादांचा डोक्याला पंचा बांधलेला फोटो तिने माझ्यासमोर ठेवला.

"कोट नका लावू," ती म्हणाली. "होते तसेच ठेवा."

मी तसंच ठेवलं. नाना विचारतील हे माहीत असूनही त्यांचा फोटो टाकला नाही. कार्ड तयार झालं. निर्मला माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे पाहत होती.

"टाका पेजवर," ती म्हणाली. "आन् खाली कोनी काही लिहलं, तं पुसू नका."

मागे वळून पाहायचं धैर्य होईना.

"वयनी, तुम्ही पाह्यलं होतं?"

"हाव. फोन हातातच होता ना माह्या. वाचलं आन् गोदामायले दाखवाले उठली, तं तेवढ्यात गेलं. सगळ्या म्हने, भास झाला हिले. मले बी वाटलं, झाला असन. म्हनून तुम्हाले इचारलं. तुम्ही दारात उभे होते आन् माह्या तोंडाकडं पाहत नव्हते. तवाच समजली मी."

"मंग हात काऊन पुढे केले?"

"पन्नास मानसाईपुढं तुम्ही नाई म्हनलं. माहं कोन आयकते?"

पुसता पुसता माझं आयुष्य गेलं. चुकलेलं अक्षर रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं आणि पुन्हा रंगवायचं, हे मी पंधराव्या वर्षी शिकलो. पण हे पुसता येणारं नव्हतं. मी विचारलं, "भास्करले सांगतलं?"

"नाई. त्याईले वाटते, नेटवर्क नव्हतं." तिने फोटो पिशवीत ठेवला आणि पदर सावरला. "तुमचं हाये ते. तुम्ही सांगा."

ती गेली. कार्ड मी पेजवर टाकलं. त्याखाली कुणी काहीबाही लिहिलं असेल तर ते आजही तिथेच आहे, मी काही पुसलेलं नाही.

त्यानंतर भास्कर मला तीनदा भेटला. दोनदा बाजारात आणि एकदा एसटीत, शेजारच्या सीटवर. नांदुऱ्यापर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. माझ्याच्याने सांगणं झालं नाही. हा अंक तो दरवर्षी साइटवर मागवून घेतो, हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहितो.

भास्कर, त्या दिवशी नेटवर्क होतं. तुझा मेसेज आला होता.